प्रस्ताव आणि प्रमाण : जाहिरातींच्या साधनचिकित्सेचा प्रश्न

१

जाहिरात हा विषय आता साहित्य, समाजशास्त्र आणि संज्ञापन ह्या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासक्षेत्रात स्थिरावला आहे. एखाद्या काळातील जाहिराती गोळा करावयाच्या, त्यांतील चित्र आणि शब्द ह्यांचे सूक्ष्म वाचन करावयाचे, आणि त्यावरून त्या काळाची अभिरुची, स्त्रीपुरुषविषयक कल्पना, प्रतिष्ठेची प्रतीके ह्यांसंबंधी अनुमाने बांधावयाची, ही पद्धती पदव्युत्तर प्रबंधांतून रूढ झालेली आहे. ह्या पद्धतीचा पाठ म्हणून रोलाँ बार्थ ह्या फ्रेंच समीक्षकाच्या १९६४ मधील एका निबंधाचा निर्देश सर्वत्र केला जातो. पान्झानी ह्या खाद्यपदार्थांच्या कंपनीची एक जाहिरात बार्थने विवेचनासाठी घेतली होती. तीमध्ये अर्धवट उघडलेली जाळीची पिशवी आहे, आणि तिच्यातून पास्त्याची पाकिटे, टोमॅटो, कांदे, भोपळी मिरच्या बाहेर डोकावत आहेत. एवढ्या सामग्रीतून ‘इटालियनपणा’ कसा सूचित होतो, हे बार्थने दाखवून दिले. विवेचनासाठी जाहिरातच का निवडली, ह्याचे कारणही त्याने सांगितले आहे. जाहिरातीतील अर्थ हा निःसंशय हेतुपुरस्सर असतो. विकावयाच्या वस्तूचे काही विशिष्ट गुण प्रेक्षकाच्या मनावर ठसविणे हा तो हेतू होय.

हे गृहीतक एवढे सहज वाटते की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास भासत नाही. परंतु ‘हेतुपुरस्सर’ असे म्हटले की ‘कोणाच्या हेतूने?’ हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो. जाहिरातीच्या निर्मितीत किमान दोन पक्ष असतात. एक, ज्याचा माल विकावयाचा आहे तो जाहिरातदार. आणि दुसरा, त्याच्या वतीने चित्र आणि मजकूर रचणारी जाहिरातसंस्था. ह्या दोघांचा हेतू एकच आहे असे मानल्यावाचून बार्थप्रणीत वाचन उभे राहत नाही. पण ज्या जाहिरातीची मागणी जाहिरातदाराने केलीच नव्हती, जी त्याने पाहिली नव्हती किंवा पाहून मान्य केली नव्हती, तिच्यातील अर्थही हेतुपुरस्सर असतो. मात्र तो हेतू विक्रेत्याचा नसतो. अशा जाहिराती अपवादात्मक असत्या तर त्यांची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. वस्तुस्थिती अशी की, अभ्यासकांच्या हाती सहज लागणाऱ्या संग्रहांत, पारितोषिकांच्या वार्षिकांत आणि संकेतस्थळांवरील संकलनांत, त्या संमत जाहिरातींच्या शेजारी, तशाच वेषात बसलेल्या आहेत.

२

प्रथम संज्ञांचा उलगडा करणे अवश्य आहे. जाहिरातधंद्यात तीन निरनिराळ्या गोष्टींना एकच रूप प्राप्त होते. पहिली गोष्ट म्हणजे मागणीवरून केलेला प्रस्ताव. एखादी कंपनी आपले काम देण्यापूर्वी दोनचार संस्थांना बोलावते आणि प्रत्येक संस्था आपापली कल्पना मांडते. ह्यास ‘पिच’ म्हणतात. त्यांतील एक प्रस्ताव स्वीकारला जातो आणि बाकीचे कपाटात जातात. दुसरी गोष्ट म्हणजे स्वयंप्रेरित नमुना. कोणी न सांगता, आपले कौशल्य दाखविण्यासाठी किंवा पारितोषिकासाठी, एखाद्या प्रसिद्ध मालाची जाहिरात रचावयाची. नोकरीच्या शोधातील होतकरू मंडळी असे नमुने आपल्या संग्रहात उघडपणे ठेवतात, आणि त्यांत गैर काही नाही. परंतु हाच नमुना प्रत्यक्ष काम म्हणून स्पर्धेत पाठविला की मुंबईच्या जाहिरातवर्तुळात त्याला ‘स्कॅम’ असे नाव पडते. तिसरी गोष्ट म्हणजे संमत कार्य. त्यामागे जाहिरातदाराची मागणी, मान्यता, मोबदला आणि नियत प्रसिद्धी ह्यांची साखळी असते.

मराठी संशोधनाला असा विवेक नवा नाही. इतिहाससंशोधकांनी अस्सल पत्र, नक्कल आणि खर्डा ह्यांतील भेद फार पूर्वीच प्रस्थापित केला. खर्ड्यात लिहिलेला हुकूम प्रत्यक्ष रवाना झाला होता की नाही, हे ठरल्यावाचून त्यावर निष्कर्ष उभारावयाचा नाही, हा दंडक दप्तरांत काम करणाऱ्यांच्या अंगवळणी पडला आहे. त्या कामी मोठा आधार मिळतो तो मुद्रेचा आणि मोर्तबाचा. पत्र लिहिणारा हात वेगळा आणि शिक्का उमटविण्याचा अधिकार वेगळा; म्हणूनच शिक्का हा संमतीचा पुरावा ठरतो.

जाहिरातीतही वरवर पाहता अशी मुद्रा असते. कोपऱ्यात कंपनीचे व्यापारचिन्ह असते, खाली तिचे नाव असते. परंतु येथेच साधर्म्य संपते. जाहिरातीतील हे चिन्ह जाहिरातदार उमटवीत नाही. चित्र रचणारी संस्थाच ते चित्राचा एक घटक म्हणून बसविते, आणि ते चिन्ह तिच्यापाशी कायमच तयार असते. मजकूर लिहिणाऱ्याच्याच हाती शिक्का असावा अशी ही अवस्था आहे. तेव्हा ज्या खुणेवरून सामान्य वाचक, आणि पुष्कळदा अभ्यासकही, ‘ही अमुक कंपनीची जाहिरात’ असे म्हणतो, ती खूण संमतीविषयी काहीच सांगत नाही. प्रस्ताव आणि संमत कार्य ह्यांतील भेद जाहिरातीच्या अंतरंगात सापडत नाही. तो तिच्या बाहेर शोधावा लागतो.

३

हे विधान दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. २००५ च्या आरंभी फोक्सवॅगन पोलो ह्या मोटारीची एक लहानशी चित्रफीत ईमेलद्वारा जगभर पसरली. एक आत्मघातकी हल्लेखोर गजबजलेल्या उपाहारगृहापुढे मोटार उभी करून स्फोट घडवितो, परंतु स्फोट मोटारीच्या आतच जिरतो. गाडी लहान पण मजबूत, असे त्याचे तात्पर्य. ही चित्रफीत कंपनीने करवून घेतलेली नव्हती. लंडनमधील दोघा निर्मात्यांनी ती स्वतःच्या कौशल्याचा नमुना म्हणून तयार केली होती. कंपनीने तिच्याशी आपला संबंध नाकारला आणि निर्मात्यांनी क्षमा मागितली. तथापि तिच्या रचनेत अस्सलपणाला बाध आणणारे काहीही नव्हते. ह्या प्रकारात चारही कड्या तुटलेल्या आहेत: मागणी नाही, मान्यता नाही, मोबदला नाही, नियत प्रसिद्धीही नाही. असे असूनही अफाट प्रसार झाला. तेव्हा प्रसार म्हणजे प्रसिद्धी नव्हे, हा पहिला बोध ह्या प्रकरणातून घ्यावा लागतो.

दुसरे उदाहरण भारतातील आहे. मार्च २०१३ मध्ये फोर्ड फिगो ह्या मोटारीची तीन भित्तिचित्रे, जगभरातील जाहिरातींचे नमुने मांडणाऱ्या एका संकेतस्थळावर आली. ती जे. डब्ल्यू. टी. इंडिया ह्या संस्थेत तयार झाली होती. एका चित्रात इटलीचे माजी पंतप्रधान बेर्लुस्कोनी ह्यांचे व्यंगचित्र असून मोटारीच्या मागल्या भागात तोंडे आणि हातपाय बांधलेल्या तीन स्त्रिया दाखविल्या होत्या. सामानाची जागा एवढी ऐसपैस की साऱ्या विवंचना मागे टाकता येतात, असा त्याचा मथळा होता. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेने देश हादरला होता, आणि लैंगिक अत्याचारांविषयीच्या फौजदारी कायद्यातील दुरुस्ती संसदेने त्याच मार्च महिन्यात मंजूर केली होती. अशा वेळी ही चित्रे पाहून संतापाची लाट उसळली, हे स्वाभाविकच होते. फोर्ड कंपनीने आणि संस्थेच्या मालक असलेल्या डब्ल्यू. पी. पी. समूहाने दिलगिरी व्यक्त केली. ही चित्रे पैसे देऊन छापण्यासाठी नव्हती आणि जाहिरातदाराने ती मागितलीही नव्हती, असे सांगण्यात आले.

आता ह्या चित्रांचे वाचन कसे करावयाचे? बार्थची पद्धत यंत्रवत् लावली तर निष्कर्ष असा निघेल की, ‘भारतीय मोटारखरेदीदाराला स्त्रीच्या बंदिवासाचे आकर्षण वाटते असे एका बहुराष्ट्रीय कंपनीने ओळखले आणि त्याचा विक्रीसाठी उपयोग केला.’ निष्कर्ष चमकदार आहे, परंतु त्याचा एकही सांधा पुराव्यावर टेकलेला नाही. कोणत्याही खरेदीदारापुढे ही चित्रे विक्रीसाठी ठेवली गेली नव्हती आणि कंपनीने कसलीही पारख केली नव्हती. परंतु म्हणून ही चित्रे निरर्थक ठरत नाहीत, हेही तितक्याच आवर्जून सांगितले पाहिजे. धंद्यातील आपल्याच बरोबरीच्या लोकांना आणि परीक्षकांना हा विनोद पसंत पडेल असे चित्रे रचणाऱ्यांना वाटले, ह्याची ती साक्ष देतात. ही साक्ष मोटारींच्या बाजारपेठेविषयीची नाही. ती जाहिरातधंद्याच्या अंतर्गत अभिरुचीविषयीची आहे, आणि त्या दृष्टीने ती अधिकच गंभीर आहे. चुकीच्या पक्षाला जबाबदार धरणारी टीका खऱ्या पक्षाला अनायासे मोकळे सोडते. साधनचिकित्सेचा प्रश्न हा काटेकोरपणाच्या हौसेचा नसून न्यायाचा आहे, तो ह्या अर्थाने.

४

ह्यावर कोणी असे म्हणेल की, मग जाहिरातदारास विचारावे म्हणजे झाले. त्याने नाकारली तर नमुना, स्वीकारली तर संमत कार्य. ही कसोटी वाटते तितकी खात्रीची नाही. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड ह्या संस्थेच्या नावाने डी. डी. बी. ब्राझीलने केलेली ‘त्सुनामी’ ही जाहिरात २००९ साली वादग्रस्त झाली. मॅनहॅटनच्या रोखाने झेपावणारी असंख्य विमाने तीत दाखविली होती. त्सुनामीने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या शंभरपट बळी घेतले, म्हणून निसर्गाचा आदर करा, असा तिचा आशय होता. न्यूयॉर्कच्या ‘वन शो’ स्पर्धेत तिला गुणवत्तेचे पारितोषिक मिळाले होते. वाद उठताच वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने ही जाहिरात आपल्या संमतीने झालेली नाही असे सांगितले. परंतु पुढे त्याच संस्थेच्या ब्राझील शाखेने आणि जाहिरातसंस्थेने संयुक्तपणे मान्य केले की, ती डिसेंबर २००८ मध्ये तयार झाली होती आणि तिला मान्यताही मिळाली होती. एका लहान स्थानिक वृत्तपत्रात ती एकदा छापलीही गेली होती.

ह्या प्रकरणाने दोन गोष्टी उघड केल्या. जाहिरातदार ही एकसंध व्यक्ती नसते; शाखेने दिलेली मान्यता मुख्य कार्यालयास ठाऊक असेलच असे नाही. आणि गोष्ट अंगाशी आली की नकार देणे सर्वांनाच सोयीचे असते. म्हणून नंतर दिलेला नकार हा संमतीच्या अभावाचा निर्णायक पुरावा मानता येत नाही. त्याचप्रमाणे एकदा छापून येणे हाही प्रसिद्धीचा पुरेसा पुरावा नव्हे. वन शो चालविणाऱ्या वन क्लबने त्याच सप्टेंबर महिन्यात जाहीर केलेल्या नियमांत हा भेद नेमका ओळखलेला दिसतो. अस्तित्वातच नसलेल्या जाहिरातदारासाठी, किंवा जाहिरातदाराच्या मान्यतेवाचून केलेली जाहिरात स्पर्धेत पाठविणाऱ्या संस्थेस ५ वर्षे बंदी. आणि केवळ एकदाच, किंवा रात्री उशिरा दाखविलेली, किंवा संस्थेने पदरचे पैसे भरून प्रसिद्ध केलेली जाहिरात पाठविणाऱ्या संस्थेस ३ वर्षे बंदी, असे ते नियम होते. दुसऱ्या प्रकारात कागदोपत्री मान्यता आणि प्रसिद्धी दोन्ही असू शकतात. नसतो तो विक्रीचा हेतू. स्पर्धेची अट पुरी करण्यापुरतीच ती प्रसिद्धी असते.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईत सापडते. अमूल लोण्याच्या प्रासंगिक फलकांची मालिका सिल्व्हेस्टर डाकुन्हा ह्यांच्या हातून १९६६ च्या सुमारास सुरू झाली. घटना ताजी असतानाच फलक लागला पाहिजे, ह्या गरजेमुळे प्रत्येक चित्रासाठी आगाऊ मान्यता घेण्याचे बंधन वर्गीस कुरियन ह्यांनी ठेवले नाही. म्हणजे मान्यतेचा सुटा कागद हीच एकमेव कसोटी धरली तर ह्या मालिकेतील चित्रे ‘असंमत’ ठरतील, आणि हे उघडच विपरीत होय. येथे संमती प्रत्येक चित्राला नाही. ती संबंधाला दिलेली आहे. जाहिरातदाराने विश्वासाने दिलेली ती कायमची मुखत्यारी आहे. तिच्यामागे नियमित मोबदला, फलकांच्या जागा आणि दशकानुदशकांचे सातत्य आहे. फलकावर तक्रार आली तर तिचे उत्तरदायित्व संस्थेप्रमाणेच जाहिरातदाराकडेही जाते. संमतीचे खरे लक्षण सही नसून उत्तरदायित्व होय, हे ह्या उदाहरणावरून म्हणता येते. जो पक्ष जाहिरातीच्या परिणामास बांधलेला आहे, त्याची ती जाहिरात.

५

गेल्या काही वर्षांत ह्या प्रश्नाला आणखी एक पदर सुटला आहे. जाहिरातदार खरा आणि त्याचे नावही ठाऊक. परंतु केल्याचे सांगितलेले कार्यच संशयास्पद, असे प्रकार पुढे आले. २०१६ साली ग्रे संस्थेच्या सिंगापूर शाखेने ‘आय सी’ नावाचे एक मोबाइल उपयोजन मांडले. भूमध्य समुद्रात संकटात सापडलेल्या निर्वासितांच्या नौका उपग्रहाच्या छायाचित्रांवरून सामान्य माणसाने शोधून काढाव्यात, अशी त्याची कल्पना होती. कॅन येथील महोत्सवात त्यास कांस्य पारितोषिक मिळाले. परंतु तपासणी करणाऱ्यांना त्यात ताजे छायाचित्र न दिसता तेच ते स्थिर चित्र दिसत असल्याचे आढळले, आणि संस्थेने पारितोषिक परत केले. प्रस्ताव उदात्त होता. पण कार्य म्हणून सादर झाला तेव्हाही तो प्रस्तावच होता.

२०२५ मध्ये ब्राझीलमधील डी. एम. ९ ह्या संस्थेने कॉन्सुल ह्या गृहोपयोगी यंत्रांच्या नाममुद्रेसाठी केलेल्या कार्याला कॅनमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि थोड्याच दिवसांत ते मागे घेतले गेले. परीक्षकांपुढे ठेवलेल्या माहितीपटात सी. एन. एन. ब्राझील वाहिनीच्या वृत्ताचा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बदलून वापरल्याचे उघड झाले होते. हे प्रकरण अभ्यासकांस विशेष विचारात पाडणारे आहे. आजच्या बऱ्याच जाहिराती पानभर चित्राच्या रूपात नसतात. त्या उपक्रमाच्या रूपात असतात, आणि उपक्रम संपला की उरतो तो त्याविषयीचा दोनतीन मिनिटांचा माहितीपट. हा माहितीपट तयार करणारी संस्था तीच, जिला पारितोषिक हवे आहे. पूर्वी शिक्का तिच्या हाती होता; आता साक्षीदारही तिच्याच हातचे झाले आहेत.

६

तेव्हा अभ्यासकाने करावयाचे काय? जाहिरातीच्या अंतरंगातील काही लक्षणे संशय उत्पन्न करण्यापुरती उपयोगी आहेत. कोठे मिळेल ह्याचा निर्देश नसणे, व्यापारचिन्ह दिसेल न दिसेल इतके लहान असणे, ज्या भाषेत माल विकला जातो ती सोडून केवळ इंग्रजीत मजकूर असणे, ही अशी लक्षणे होत. परंतु उत्तम संमत जाहिरातींतही ती आढळतात. म्हणून त्यांवरून संशय घ्यावा. निर्णय देऊ नये.

निर्णयासाठी चार प्रश्न क्रमाने विचारणे इष्ट आहे. काम कोणी सांगितले? मान्य कोणी आणि कोणत्या अधिकाराने केले? प्रसिद्धीचे पैसे कोणी भरले? ती कोठे, केव्हा आणि किती वेळा लोकांपुढे आली? धंद्याच्या रोजच्या व्यवहारात ह्या प्रश्नांची उत्तरे देणारे कागद निर्माण होतच असतात. माध्यमाला दिलेली रिलीज ऑर्डर असते, वृत्तपत्राचे बिल असते, आणि जाहिरात छापून आलेले मूळ पान असते. पहिले दोन कागद संशोधकास क्वचितच पाहावयास मिळतात. तिसरा मात्र ग्रंथालयातील फाइलींत उपलब्ध असतो. वार्षिकातील गुळगुळीत कागदावरचे चित्र आणि दैनिकाच्या पानावरील तीच जाहिरात ह्यांत साधन म्हणून महदंतर आहे. पानावर तारीख असते, शेजारी बातमी असते, खाली दुसऱ्या कोणाचा तरी माल असतो. हा सारा परिसर कोणाही एका पक्षाच्या हातचा नसल्यामुळे तो निरपेक्ष साक्षीदार ठरतो.

ह्यावरून प्रबंधांतील नोंदीसाठी एक साधी शिस्त सुचते. प्रत्येक जाहिरातीपुढे ‘संमत व प्रसिद्ध’, ‘प्रस्तावित’ किंवा ‘अनिर्णित’ ह्यांपैकी एक निर्देश असावा, आणि तो कोणत्या पुराव्यावर केला हे सांगावे. ‘अनिर्णित’ हा निर्देश कमीपणाचा मानण्याचे कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संदिग्ध पाठांखाली नागमोडी रेघ ओढलेली असते, आणि त्या रेघेने त्या आवृत्तीची विश्वसनीयता वाढलीच आहे. प्रस्तावित जाहिराती वगळण्याचीही आवश्यकता नाही. धंद्याची महत्त्वाकांक्षा, परीक्षकांची रुची, जाहिरातदाराच्या भीतीपायी न छापलेल्या कल्पना, ह्या सर्वांचा अभ्यास त्यांवाचून होणार नाही. मात्र त्या ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तोच प्रश्न त्यांना विचारला पाहिजे. बाजारात काय विकले गेले आणि समाजापुढे काय मांडले गेले, हे सांगण्याचा अधिकार ज्या जाहिरातीपाठीमागे उत्तरदायी पक्ष उभा आहे, तिलाच आहे.

बार्थचे गृहीतक त्यामुळे बाद होत नाही. ते सशर्त होते, इतकेच. जाहिरातीतील अर्थ हेतुपुरस्सर असतो हे खरे. तो हेतू कोणाचा आणि तो कोणापुढे व्यक्त झाला, हे ठरविणे हे अर्थनिर्णयाच्या आधीचे काम आहे. ते केल्यावाचून लिहिलेली समीक्षा ही स्वतःच एक प्रस्ताव ठरते.